‘शेवटचं बोला’ म्हणण्याआधी : जुनी वस्तू घेताना भाव कसा करावा, आणि कुठे थांबावं

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका पथारीवर मला भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ दिसलं. घ्यायचं अजिबात नव्हतं. नुसतं बघावं म्हणून उचललं, पुढचं काचेचं दार उघडलं, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “काय घेणार ह्याचं?”

“अठराशे द्या ताई.”

“सहाशेला देता का?” मी हसत म्हटलं. माझा हिशेब असा, की तो वैतागेल आणि मी निघेन. त्याने शेजारच्या पथारीवाल्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “न्या. भवानी व्हायचीय अजून.”

मैत्रिणीने दंड ओढला, “चल गं.” माझे पायही वळले होते. घड्याळवाला काही बोलला नाही. शेजारचा मात्र बोलला, “मॅडम, भाव मागितला की घ्यावं लागतं.” घेतलं. ते घड्याळ आज आमच्या पॅसेजमध्ये लटकलेलं आहे आणि आल्या दिवसापासून त्यात चार वाजून वीस मिनिटं झालेली आहेत.

नव्या वस्तूवर एमआरपी छापलेली असते. जुनीवर काहीच नसतं, तिची किंमत दोन माणसं तिथल्या तिथे ठरवतात. म्हणून घासाघीस करण्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही भरपूर करते. आमच्या घरातलं निम्मं सामान आधी कुणाच्या तरी घरात होतं. मात्र घासाघीस वस्तूची करायची, समोरच्याच्या अडचणीची नाही, एवढं आता माझ्यापुरतं पक्कं झालंय. म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात ह्या दोन गोष्टी इतक्या गुंतलेल्या असतात की पायरीपायरीनेच सोडवाव्या लागतात.

पायरी १ : समोर कोण आहे ते ओळखा

सगळ्यांशी एकाच पद्धतीने भाव करणं हीच पहिली चूक. जुन्या बाजारातला पथारीवाला, मुंबईत चोर बाजारातला दुकानदार, फाउंटनच्या फुटपाथवरचा किंवा अप्पा बळवंत चौकातला जुन्या पुस्तकांचा विक्रेता, ह्या लोकांचा हा रोजचा धंदा आहे. ते सांगतात तो आकडा घासाघीस धरूनच सांगितलेला असतो. माल केवढ्याला पडला ते त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि त्याच्या खाली ते सहसा जात नाहीत. इथे मोकळेपणाने भाव करा. तुमच्यापेक्षा ते ह्यात दहा पट तयार आहेत. संध्याकाळी पथारी आवरताना माल स्वस्त मिळतो, तो घेण्यातही मला काही वावगं वाटत नाही, कारण ओझं परत न्यायचं की थोडक्यात द्यायचं हा हिशेब त्याने स्वतः केलेला असतो. पावसाची सर आली, तो ताडपत्री ओढतोय, आणि आपण छत्रीत उभं राहून “आता बोला” म्हणतोय, एवढं मात्र नको.

बदली झाली, घर लहान झालं, मुलं परदेशात गेली म्हणून सामान काढणारे लोक निराळे. ह्यांना बाजारभाव माहीत नसतो. काही जण पंधरा वर्षांपूर्वीची पावती दाखवून अवाच्या सवा किंमत सांगतात, काही जण लाजून फारच कमी सांगतात. इथे भाव करा, पण हातात माहिती घेऊन करा आणि ती त्यांच्यासमोर ठेवा.

अडचणीत विकणारा ओळखू येतो. आजारपण, गेलेली नोकरी, हॉस्टेल दोन दिवसांत रिकामं करायचंय असा विद्यार्थी. घरात कुणी गेल्यानंतर विकायला काढलेली रुग्णाची खाट, व्हीलचेअर, वॉकर. अशा वस्तू घरच्यांना डोळ्यांसमोर नको असतात. फोन केला की म्हणतात, “जे द्याल ते द्या.” हे वाक्य ऐकलं की खरेदीदाराला आनंद होतो, आणि नेमकी तिथेच त्याची जबाबदारी वाढते. समोरच्याने आपली बाजू मांडणं सोडून दिलेलं असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी भाव आपल्यालाच करावा लागतो. मी अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हीच खाट एखाद्या कडक दुकानदाराकडून भरपूर घासाघीस करून घेतली असती, तर शेवटी किती दिले असते? तो आकडा बोलते. त्याच्या खाली नाही.

उरली ती माणसं, ज्यांना आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही: घरकामाच्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, आपला भाडेकरू. इथे बहुतेकदा विकणारे आपण असतो. जुना फ्रीज मावशींना दिला, “पगारातून पाचशे-पाचशे कापू” म्हटलं, आणि चार महिन्यांनी कॉम्प्रेसर गेला. मावशी तक्रार कशी करणार? त्यांना सोमवारी परत त्याच घरात भांडी घासायला यायचंय. अशा व्यवहारात किंमत बाहेरच्याने ठरवावी. कोपऱ्यावरच्या जुन्या फ्रीजच्या दुकानदाराला विचारून तो देईल ती रक्कम धरावी, दोष आपणहून सांगावा, आणि सहा महिन्यांत बिघडलं तर उरलेले हप्ते सोडून द्यावेत. एवढं जमत नसेल तर फ्रीज बाहेर विकावा.

पायरी २ : आकडा घरूनच काढून निघा

समोर गेल्यावर सुचेल तो आकडा फेकला की माझ्या घड्याळासारखं होतं. निघण्याआधी तीन गोष्टी बघा: तीच किंवा तिच्यासारखी वस्तू आज नवी केवढ्याला मिळते, जुनी आणखी कुणी विकतंय का, आणि तिला लागणाऱ्या दुरुस्तीला किती येईल. विकणाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय मोजले ह्याला महत्त्व नाही. आजच्या नव्याची किंमत महत्त्वाची.

दुचाकी-चारचाकीसाठी एक तटस्थ आकडा आयता मिळतो: विम्याच्या पॉलिसीवरचा ‘आयडीव्ही’, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत. गाडीच्या सध्याच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून तो काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर तो विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. हा काही बाजारभाव नव्हे, पण बोलायला सुरुवात करायला दोघांनाही मान्य होईल असा खुंटा आहे.

मग दोन आकडे ठरवा. एक पहिल्यांदा बोलायचा, दुसरा ज्याच्या वर जायचं नाही तो. पहिला आकडा असा असावा की समोरच्याने “घ्या” म्हटलं तर घेता आला पाहिजे. खिशात तेवढे पैसेही हवेत. हा माझा नियम घड्याळानंतरचा आहे.

हिशेबात काय धरायचं नाही तेही आत्ताच ठरवून टाका. टेम्पोचं भाडं, हमाली, तुमचा कर्जाचा हप्ता, तुमच्या घराचा तिसरा मजला, हे काही वस्तूचे दोष नाहीत. “टेम्पोलाच बाराशे जातायत हो” म्हणून किंमत पाडणारे पुष्कळ भेटतात. अरे, मग जवळचं बघा. (विकणाऱ्याच्या घराला लिफ्ट नसेल तर? ह्यावर आमच्या घरात वाद आहे. माझ्या मते हमाली निम्मी-निम्मी.)

पायरी ३ : वस्तू नीट तपासा, तोंड आवरून

लोखंडी कपाट असेल तर खाली वाका. फरशी पुसताना पाणी लागून लागून पायांपाशी आणि खालच्या पट्टीला गंज धरतो, आणि नवा रंग मारला की तो वरून दिसत नाही. बोटाने टकटक करा, सडलेला पत्रा बद्द वाजतो. लॉकरची किल्ली फिरवून बघा. लाकडी असेल तर मागे आणि खाली बारीक भुसा पडलाय का बघा, भुसा म्हणजे कीड. शिलाई मशीनवर स्वतः चिंधी शिवा आणि टाका दोन्ही बाजूंनी बघा. फ्रीजच्या दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज निघून आली तर रबर गेलंय. जुनं पुस्तक असेल तर पानांचे आकडे चाळा. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी बांधलेली असतात, त्यामुळे जातो तेव्हा बरेचदा अख्खा फॉर्मच जातो, आणि तो नेमका रहस्यकथेच्या शेवटातला असतो.

तपासणी म्हणजे अपमान नव्हे, पण ती तशी होऊ शकते. नाक मुरडत “हे काय, भंगारच आहे” म्हणणं ही भाव पाडायची जुनी युक्ती आहे. पथारीवाल्यावर तिचा काडीचा परिणाम होत नाही. घरगुती विक्रेत्याला ती लागते. एका आजोबांचं सागवानी कपाट बघायला गेले होते. माझ्या आधी आलेल्या गृहस्थांनी कपाटाच्या दाराला बुटाचं टोक लावून म्हटलं, “हल्ली असलं कोण ठेवतं?” आजोबा म्हणाले, “मग तुम्ही का आलात?” दार लावून घेतलं. त्या दिवशी मलाही कपाट दाखवलं नाही.

दोष दिसला तर दोषाचं नाव घ्या आणि आकडा सांगा. “खालची पट्टी सडलीय, वेल्डिंग आणि रंगाला आठशे येतील” हे बोलणं सरळ आहे, समोरच्याला तपासता येतं आणि तो त्यावर उत्तर देऊ शकतो. “कपाट बेकार आहे” ह्याला काय उत्तर देणार?

पायरी ४ : विचारा, आणि नेमकं विचारा

ह्या पायरीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण इथे कायदा आणि नीती ह्यांच्यात फट आहे आणि ती माहीत असलेली बरी.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली उदाहरणं घोड्याची आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत असतं, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. दुसऱ्या उदाहरणात घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. नात्यामुळे इथे खोट सांगणं त्याच्यावर बंधनकारक होतं. तिसरं सगळ्यात कामाचं: घेणारा म्हणतो, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन.” विकणारा गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच धरलं जातं.

घोडे गेले, स्कूटर आल्या, वाक्य तेच वापरा. “गाडीचा अपघात झालेला नाही, इंजिन उघडलेलं नाही, असं धरून मी हा भाव देतेय. तसं नसेल तर आत्ताच सांगा.” व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं तर आणखी बरं. प्रामाणिक माणूस इथे थांबतो आणि म्हणतो, “एक सांगायचं राहिलं...” ह्या कायद्याचा पुढचा भागही लक्षात असू द्या: साधी काळजी घेऊन जे कळलं असतं, ते न तपासता नंतर ‘त्याने सांगितलं नाही’ म्हणून करार मोडता येत नाही. म्हणून तिसरी पायरी आधी.

“का विकताय?” हा प्रश्न सगळे विचारतात. त्याला दोन तोंडं आहेत. उत्तरातून कधी वस्तूचा दोष कळतो, कधी माणसाची अडचण. दोष कळला तर भावात धरा. अडचण कळली तर... “शुक्रवारच्या आत हॉस्पिटलमध्ये पैसे भरायचेत” हे ऐकल्यावर तुमच्या मनातला आकडा खाली सरकला, तर तो कपाटाच्या पत्र्यामुळे सरकलेला नाही. ‘अडला हरी’ वगैरे म्हणी आपल्याकडे आहेत, पण त्यातल्या दुसऱ्या पात्राचं काम आपण का करावं? मी हल्ली “का विकताय?” विचारतच नाही. “ह्यात काय काय करून घ्यावं लागेल?” असं विचारते. हवी ती माहिती मिळते आणि नको ती कानावर येत नाही.

पायरी ५ : आकडा बोला

पथारीवर भाव हळू आवाजात बोलावा. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात, कुणाला कळत नाही. त्यात लपवाछपवीही असतेच, पण एक शहाणपण आहे: चार लोकांसमोर कुणाला किंमत उतरवायला लावली तर त्याच्या अब्रूचाही सौदा होतो. त्यातलीच पुढची गोष्ट, दुसऱ्याचा भाव चालू असताना मध्ये तोंड घालू नये. तो वस्तू खाली ठेवून चार पावलं पुढे गेला की मगच आपण.

खरं किती सांगायचं? माझी रेषा अशी आहे. माझ्याकडे किती पैसे आहेत, मी कुठवर जाईन, मला वस्तू किती आवडली, हे सांगायला मी बांधील नाही. चेहरा मख्ख ठेवणं हा खेळाचाच भाग आहे. पण खोटी वस्तुस्थिती सांगायची नाही. “पलीकडे आठशेला देतायत” हे खरंच देत असतील तरच. “माझ्याकडे एवढेच आहेत” म्हणून पाकिटाचा एक कप्पा दाखवायचा आणि दुसऱ्यातून नोट काढायची, हे आमच्या काकूंनी तुळशीबागेत आयुष्यभर केलं. हसू येतं, पण ते खोटंच आहे. हल्लीची नवी तऱ्हा त्याहून वाईट: ऑनलाइन जाहिरातीवर आधी दोन-तीन मित्रांकडून निम्म्याहून कमी किमतीच्या ऑफर पाठवायच्या, विकणाऱ्याचा धीर सुटला की आपण थोडी वरची देऊन ‘चांगला माणूस’ व्हायचं. ह्याला घासाघीस म्हणत नाहीत.

फोनवर किंवा चॅटवर वस्तू न बघता “लास्ट प्राइस?” विचारणं नुसतं उद्धट नाही, निरुपयोगीही आहे. न बघितलेल्या वस्तूचा शेवटचा भाव तुम्ही ठरवणार कशावरून? आणि जाहिरातीत ‘किंमत ठाम’ लिहिलं असेल तर एकदाच नम्रपणे विचारून बघायला हरकत नाही. नाही म्हटलं तर विषय संपला.

आता दारात येऊन भाव पाडणाऱ्यांबद्दल. लेकीची गिअरची सायकल आम्ही विकायला काढली होती. फोनवर साडेतीन हजार ठरले. मी फोटोंमध्ये सीटचा फाटलेला भागसुद्धा दाखवला होता. दुसऱ्या तिघांना ‘ठरलीय’ म्हणून नकार दिला. रविवारी सकाळी गृहस्थ मुलाला घेऊन आले, मुलाने सोसायटीत चार फेऱ्या मारल्या, घामाघूम होऊन हसत आला. आणि बाबा म्हणाले, “अडीच देतो. कॅश आहे.” सायकलीत काही निघालं का? नाही. “सीट फाटलीय ना.” माझ्यासमोर तो मुलगा हँडल धरून उभा. मी अडीचला दिली, आणि दिवसभर स्वतःवरच चिडले.

त्यातून निघालेला नियम साधा आहे. ठरलेला भाव प्रत्यक्ष बघितल्यावर बदलता येतो, पण आधी न सांगितलेला किंवा न दाखवलेला दोष निघाला तरच, आणि त्या दोषापुरताच. सांगितलेल्या दोषावर दुसऱ्यांदा पैसे कापायचे नाहीत. विकणाऱ्याने इतर गिऱ्हाइकं परत पाठवलेली असतात, वेळ काढलेला असतो, वस्तू पुसून दारात ठेवलेली असते. आपण पाडत असतो तो भाव ह्या सगळ्याचा. आणि मुलांना सौद्याला नेऊ नका. विकणाऱ्याच्या दृष्टीने नाही, मुलांच्या दृष्टीने म्हणते.

पायरी ६ : तुम्हाला जास्त माहीत असेल तेव्हा

वाडे पडतात, फ्लॅट होतात, आणि तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, मोठी पातेली मोडीच्या भावाने किलोवर जातात. तोच बंब घासूनपुसून एखाद्या हॉटेलच्या दारात झाड लावायला कितीतरी पट किमतीला उभा राहतो. हे तुम्हाला माहीत आहे, शेजारच्या आजींना नाही. सांगायचं का?

करार कायद्याचं चौथं उदाहरण इथे बसतं. दोन्ही बाजूंना व्यापारी असतील आणि एकाला भाव बदलल्याची खासगी बातमी असेल, तर ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. मला हे पटतं. चोर बाजारातल्या दुकानदाराने एखादी ग्रामोफोन रेकॉर्ड ओळखली नाही आणि मी ओळखली, तर ते माझं कसब. वस्तू ओळखणं हाच त्याचा धंदा आहे, आणि उद्या मी न ओळखलेल्या वस्तूवर तो माझ्याकडून दुप्पट घेईल. फिटंफाट.

आजींचं तसं नाही. त्या बाजारात उतरलेल्या नाहीत, बाजार त्यांच्या ओटीवर आलाय. त्यांना मी सांगते, “मोडीत देऊ नका, ह्याला जास्त येतील.” तरीही त्या मलाच द्यायला तयार असतील तर मोडीपेक्षा वरचा आणि दुकानापेक्षा खालचा भाव देते. माझी धावपळ, घासणं-पुसणं, विकलं न जाण्याचा धोका ह्यांचेही पैसे आहेतच, त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

रद्दीवाल्याशी आपण किलोमागे दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो तेव्हा उलटं होतं. त्याला सगळं माहीत, आपल्याला काही नाही. आपण भाव ताणतो, तो काट्यात वसूल करतो, आणि दोघंही आपण जिंकलो असं समजतो. घरच्या वजनकाट्यावर गठ्ठा आधी तोलून ठेवा आणि भावाचं त्याला ठरवू द्या. भांडण निम्मं होतं.

पायरी ७ : फारच स्वस्त मिळत असेल तर

वर्षभर जुना महागडा फोन चौथ्या हिश्श्यात, बिल नाही, खोका नाही, चार्जर नाही. इथे घासाघिशीचा प्रश्नच उरत नाही. चोरीची वस्तू ‘जाणूनबुजून किंवा तसं मानायला कारण असताना’ घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ‘तसं मानायला कारण’ म्हणून ती हास्यास्पद किंमतच पुढे येऊ शकते. शिवाय चोराकडे मालकी नव्हतीच, त्यामुळे तुम्ही पुरे पैसे मोजले तरी १९३० च्या वस्तू विक्री कायद्याप्रमाणे ती तुमच्याकडे येत नाही.

फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. तो केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा, किंवा केवायएम ही इंग्रजी अक्षरं, जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. विकणाऱ्यासमोर तपासा. खऱ्या मालकाला त्यात राग येण्यासारखं काही नसतं.

विकणाऱ्यांसाठी एवढंच: पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. सोफा न बघता, भाव न करता लगेच “आगाऊ पाठवतो” म्हणणारा गिऱ्हाईक नसतो.

पायरी ८ : ठरल्यानंतर

“ठीक आहे” म्हटलं की घासाघीस संपली. त्यानंतर “शंभर सोडा ना”, “ते स्टूल पण टाका त्यात” हे नाही. हवं असेल तर स्टूल आधीच बोलण्यात घ्यायचं. टोकन देऊन तुम्ही फिरलात तर टोकन मागू नका. आणि तुम्ही विकणारे असाल, नंतर कुणी जास्त देतंय म्हणून फिरावंसं वाटलं, तर खरं म्हणजे फिरू नका. फिरलातच तर टोकन त्याच दिवशी परत करा.

गाडीच्या बाबतीत ‘ठरल्यानंतर’ हाच सगळ्यात मोठा भाग आहे. “नाव नंतर बदलून घेतो” म्हणून वर्षभर फिरणारे खरेदीदार मी पाहिलेत. त्यांना ती किरकोळ टंगळमंगळ वाटते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी विकून टाकलेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे तुम्ही आळस करता आणि जुन्या मालकाची झोप जाते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर त्याची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला, हे पैसे देतानाच उरकून घ्या. विमा आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज चौदा दिवसांत करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) त्याचाच असतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून त्यावरून भावही करू नका. आणि नवीन आरसी हातात आली की तिचा फोटो जुन्या मालकाला पाठवा. मागावा लागू नये.

घरी आणलेली वस्तू उघडल्यावर काही सापडलं तर फोन करा. आमचं लोखंडी कपाट एका निवृत्त शिक्षकांकडून घेतलं, नऊ हजार सांगितले होते, सात हजार दोनशेला ठरलं. लॉकरच्या तळाला खाली सरकलेला एक जाड लिफाफा मिळाला, आत त्यांच्या मुलांचे जन्मदाखले आणि जुनी पोस्टाची पासबुकं. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून एकेक कागद बघितला, मग आत गेले आणि रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. “ही लॉकरची दुसरी किल्ली. परवा द्यायची नव्हती,” ते म्हणाले. “तुम्ही अठराशे कमी केलेत ना, म्हणून.”